जुन्या गाडीतला आवाज आणि वास परत परत येतो? मॅट चिकटवण्याआधी भोकं शोधा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. फ्लोअरचं जुनं कार्पेट काढलं, महागाचे साउंड डॅम्पिंग मॅट (पत्र्याचं कंपन मारणारे चिकट थर) चिकटवले, वर नवीन कार्पेट टाकलं. पहिले दोन आठवडे गाडी शांत वाटली. मग पुन्हा ताशी ७० च्या पुढे शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागू लागला, आणि तासाभराच्या फेरीनंतर कपड्यांना पेट्रोलचा आणि धुराचा वास यायला लागला. मग आणखी एक थर. मग दारांतही मॅट. गाडीचं वजन वाढत जातं, आवाज आणि वास आहे तिथेच.

मी स्वतः हे चक्र तीन वेळा फिरलो आहे. कार्ब्युरेटरवाली, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली सेडान. तिसऱ्या वेळी मॅट काढताना लक्षात आलं की मी पत्रा जाड करत होतो आणि भोकं उघडीच ठेवत होतो. जुन्या गाडीत आवाज आणि वास या दोन वेगळ्या समस्या क्वचितच असतात. हवा जिथून आत येते तिथूनच वास येतो आणि तिथूनच आवाजही येतो.

याचं गणित साधं आहे. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, एकूण क्षेत्रफळापैकी १ टक्का जागा उघडी असेल, तर उरलेला पत्रा कितीही जाड केला तरी आवाजाची एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. एक चौरस मीटरच्या फायरवॉलमध्ये १ टक्का म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर, जेमतेम तळहाताएवढी जागा. केबलची, पेडलची, हीटरच्या पाइपांची भोकं मिळून तेवढी सहज भरते. ती दहा चौरस सेंटिमीटरवर आणली की मर्यादा ३० डेसिबलवर जाते. याउलट पत्र्याचं वजन दुप्पट केलं तर हिशोबाने सुमारे ६ डेसिबल मिळतात, तेही भोकं नसतील तर.

आधी जिवाचं

पुढचं सगळं सावकाश करता येतं, पण तीन वासांसाठी गाडी लगेच थांबवायची: कच्च्या पेट्रोलचा, वायर जळल्याचा आणि धुराचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फ्लोअरवर आणि डिकीच्या तळाशी साचते. धुराच्या वासामागे कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःला वास नसतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या कार्ब्युरेटर गाडीच्या धुरात आयडलिंगला याचं प्रमाण २ ते ४ टक्के सहज असतं. वास कमी झाला म्हणजे वायू कमी झाला, असा अर्थ काढू नका. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म मागच्या सीटवर ठेवा, तपासणी पूर्ण होईपर्यंत तरी. गाडी चालवताना डोकं जड होत असेल, मळमळत असेल, तर गाडी जुनी आहे म्हणून असं होतं अशी समजूत करून घेऊ नका.

वास कधी येतो, ते आधी लिहून काढा

वास कसला, यापेक्षा तो कधी येतो हे मला जास्त उपयोगाचं वाटतं. आठवडाभर एक वही गाडीत ठेवा.

टाकी पूर्ण भरल्यावर वास येतो आणि टाकी अर्ध्यावर आली की थांबतो, तर दोष टाकीच्या वरच्या भागात आहे: भरण्याच्या नळीचा रबरी जोड, हवा जाण्याची बारीक नळी, किंवा फ्युएल गेजच्या सेंडर युनिटखालचं (टाकीतली पातळी मोजणाऱ्या भागाखालचं) पॅकिंग. हे पॅकिंग बऱ्याच गाड्यांत कॉर्कचं असतं, सुकून आकसतं. माझ्या गाडीत भरण्याच्या नळीचा रबरी तुकडा वरून ठणठणीत दिसत होता. क्लिप सोडून वाकवल्यावर आतून भेगाच भेगा. जुनी रबरी नळी इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला फार दिवस टिकत नाही. नवीन घेताना नळीवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं पाहून घ्या, आणि कडा गुळगुळीत असलेल्या क्लिपा वापरा. दातेरी क्लिप रबरात रुतते आणि तिथेच पुढची भेग पडते.

काही गाड्यांची रचनाच अशी की पेट्रोल आणि प्रवासी फार जवळ असतात. १९६४ ते १९७० च्या फोर्ड मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ, आणि भरण्याच्या नळीचा रबरी जोड डिकीच्या आत. जुन्या मिनीत टाकी डिकीतच एका बाजूला उभी. अशा गाड्यांत मागच्या सीटमागची भिंत नीट बंद करणं हे पहिलं काम.

गरम इंजिन बंद करून गाडी उभी केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी वास येतो, तर कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं (पेट्रोल साठणाऱ्या छोट्या कप्प्यातलं) पेट्रोल इंजिनच्या उष्णतेने उकळून त्याची वाफ बाहेर पडते आहे. कार्ब्युरेटर आणि त्याला इंजिनशी जोडणारा मॅनिफोल्ड यांच्यामधला उष्णतारोधक स्पेसर जागेवर आहे का पाहा. आधीच्या कुणी तरी तो काढून टाकलेला असतो असा माझा अनुभव आहे. थोडी वाफ या गाड्यांतून येणारच. टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात साठवण्याची पद्धत अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलांपासून सर्वत्र सक्तीची झाली. त्याआधीच्या टाक्या सरळ हवेत श्वास घेत. म्हणून हवेचं भोक असलेलं टाकीचं झाकण काढून, वास येतो म्हणून घट्ट बंद झाकण लावू नका. टाकीत निर्वात तयार होतो, गाडी चालता चालता बंद पडते, आणि पातळ पत्र्याची टाकी आत दबू शकते.

वळणावर वास येतो, तर टाकीचा वरचा जोड किंवा फ्लोटची पातळी. सिग्नलला उभं असताना जळक्या तेलाचा वास येतो, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाहा, तेल गळून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या गरम पाइपांवर) पडत असतं. इंजिनच्या ब्रीदरची नळीही पाहा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक गाड्यांत इंजिनच्या आतली वाफ एका नळीने सरळ गाडीखाली सोडलेली असे. गाडी धावताना ती मागे उडून जाते, उभी असताना वर चढते. पिस्टन रिंग झिजलेल्या असतील तर ही वाफ दुप्पट वाटते आणि कुठलंही सील तिच्यापुढे पुरत नाही. तिथे इंजिनचंच काम काढावं लागतं.

गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. डॅशबोर्डखाली गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल. ते गिअरबॉक्सपासून डॅशपर्यंत कसं पोचतं याचं मला बराच काळ कोडं होतं. स्पीडोमीटरची केबल फिरता फिरता स्क्रूसारखं तेल वर ओढते! गिअरबॉक्सच्या टोकाचं छोटं ऑइल सील बदललं की थांबतं.

धूर मागून येतो, पुढून नाही

हे सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. धुराचा वास आला की आपण बॉनेट उघडतो. पण धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथेच घुटमळतो. आपण बाजूची काच किंवा पुढची तिकोनी काच उघडली की केबिनमधली हवा बाहेर खेचली जाते, आणि तिची भरपाई डिकीतून होते. डिकीच्या झाकणाचं रबर, मागच्या दिव्यांखालची पॅकिंग, नंबरप्लेटच्या दिव्याच्या वायरचं भोक, तळातल्या निघून गेलेल्या रबरी बुचांच्या जागा: धूर तिथून डिकीत येतो आणि मागच्या सीटच्या पाठीमागून केबिनमध्ये. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या पाठीमागे पुठ्ठा आणि कापड याशिवाय काही नसतं.

परीक्षा सोपी आहे. सगळ्या काचा बंद करा, पुढच्या ताज्या हवेच्या झडपा पूर्ण उघडा, पंखा चालू करा. वास कमी झाला तर तो मागून येत होता, कारण आता केबिनमधला दाब वाढला आहे. वास वाढला तर तो इंजिनकडून, हवेच्या मार्गानेच येतो आहे. माझ्या गाडीचं निदान या पाच मिनिटांच्या परीक्षेने झालं, त्याआधी मी महिनाभर फायरवॉलशी झटत होतो.

मागून येत असेल तर डिकीत एका माणसाने मोठा टॉर्च लावायचा, झाकण बंद करायचं (आतल्या माणसाला बाहेरून सतत हाक देत राहा) आणि अंधारात बाहेरून प्रकाश कुठून फुटतो ते पाहायचं. माणूस बसत नसेल तर नुसता दिवा ठेवा. दिव्यांची पॅकिंग नवीन घाला, तळाची बुचं घाला, सीटमागे पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा कापून कडांना सीलंट लावून बसवा. सायलेन्सरचं शेपूट बंपरच्या कडेपर्यंत तरी यायला हवं. गंजून कापलं गेलेलं आखूड शेपूट धूर थेट डिकीखाली सोडतं.

धुराची गळती शोधायची ती इंजिन थंड असताना. इंजिन चालू करून दुसऱ्याला जाड कापडाने शेपटाचं तोंड काही सेकंद दाबायला सांगा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून मागे कान लावत या. जिथे फुसफुस ऐकू येते तिथे जोडावर काळी काजळी दिसेलच. थंड मॅनिफोल्डमधून टिकटिक येत असेल आणि गरम झाल्यावर थांबत असेल, तर तेही पॅकिंगच आहे, टॅपेट नाही.

एअरकूल्ड फोक्सवॅगन बीटलसारख्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे हीटरची हवा एक्झॉस्टभोवतीच्या कवचातून तापून येते. ते कवच किंवा आतला पाइप गंजला तर हीटर चालू करताच धूर थेट केबिनमध्ये. तिथे सीलंट, पट्टी असले उपाय करू नका, भाग बदला.

आवाजाचं मूळ: काही फेऱ्या

एका रिकाम्या, सपाट रस्त्यावर दुसऱ्या कुणाला शेजारी बसवून या फेऱ्या मारा.

गाडी उभी ठेवून इंजिनचा वेग हळूहळू वाढवा. ठरावीक वेगाला केबिनमध्ये घुमारा उठतो आणि पुढे गेल्यावर विरतो का? म्हणजे काहीतरी लोखंड लोखंडाला टेकलं आहे. मग गाडी वेगात आणून न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा. ते बंद केलं तर ब्रेकचा सर्व्हो (ब्रेकला जोर देणारी यंत्रणा) जातो आणि काही गाड्यांत स्टिअरिंग कुलूपबंद होतं. न्यूट्रलमध्ये जो आवाज उरतो तो टायर, व्हील बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा), डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधले गिअर) किंवा वारा. हलकंसं डावं-उजवं केल्यावर घरघर कमीजास्त झाली तर बेअरिंग. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, तर डिफरन्शियल. खडबडीत रस्ता संपून गुळगुळीत रस्ता लागताच आवाज पडला, तर टायर. जुन्या कडक टायरांवर मॅटचा इलाज नाही, सहा-सात वर्षांपुढचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावेत असं माझं मत.

वाऱ्यासाठी मास्किंग टेप. दारांच्या सगळ्या फटी, तिकोनी काचेच्या कडा, समोरच्या काचेचं रबर, वायपरच्या दांड्यांचा तळ, सगळं बाहेरून टेपने बंद करा आणि एक फेरी मारा. मग एक एक टेप काढत फेऱ्या मारा. शिट्टी परत आली की जागा सापडली. टेपवर गाडी चालवताना काच आणि दार उघडायचा मार्ग मोकळा राहील याची काळजी घ्या.

घुमाऱ्याबद्दल दोन शब्द, कारण त्यासाठी लोक सगळ्यात जास्त मॅट वाया घालवतात. इंजिनचं माउंटिंग वीस-तीस वर्षांत दगडासारखं होतं, इंजिनचं कंपन सरळ बॉडीत उतरतं. सायलेन्सरचा रबरी हँगर तुटला की कुणीतरी तिथे तार बांधून देतं, आणि ती तार सायलेन्सरचं प्रत्येक कंपन फ्लोअरला कळवते. गाडीखाली शिरून सायलेन्सर हाताने सगळ्या बाजूंना हलवा. बॉडीपासून बोटभर अंतर सगळीकडे हवं. एका तारेच्या जागी रबर आल्यावर माझ्या गाडीत जो फरक पडला, तो तीन थरांनी पडला नव्हता.

फायरवॉलची भोकं

रात्री इंजिनच्या बाजूला जोरदार दिवा लावा, बॉनेट उघडंच राहू द्या, आणि डॅशखाली पाठीवर झोपा. तारांगण दिसतं. स्पीडोमीटरची केबल, चोक, बॉनेट उघडायची केबल, वायरिंगचा जुडगा, हीटरचे दोन पाइप, स्टिअरिंग कॉलम, क्लच आणि ब्रेकची पेडलं, वायपरची मोटर, आणि कधीतरी बसवून नंतर काढलेल्या ॲक्सेसरीजची पोरकी भोकं. प्रत्येकाला योग्य मापाचं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी). वायर आधीच ओवलेली असेल तर ग्रोमेटला एक चीर देऊन बसवा आणि चीर खालच्या बाजूला ठेवा, पाणी थेट शिरत नाही. पोरक्या भोकांवर पत्र्याचा तुकडा रिव्हेट करा. विस्तारणारा फोम मारू नका. तो पेटतो, पाणी धरतो, आणि पुढच्या वेळी वायर काढताना सगळं जुडगं ओरबाडलं जातं.

गिअरच्या दांड्याभोवतीचं चामड्याचं किंवा रेक्झिनचं आवरण ही फक्त शोभा असते. त्याखाली स्क्रूने पक्की बसवलेली जाड रबराची टोपी असायला हवी. ती फाटलेली किंवा गायब असते, कारण वरून दिसत नाही. फ्लोअरच्या मधल्या उंचवट्यातली, म्हणजे गिअरबॉक्सच्या बोगद्यातली, सगळी गरम हवा, गिअरबॉक्सचा आवाज आणि तेलाचा वास तिथून थेट आपल्या मांडीजवळ येतो. माझ्याकडे ती नव्हतीच.

दारांची रबरं

दार बंद करताना कागदाची पट्टी मध्ये धरा आणि ओढा. सगळीकडे सारखाच ताण लागला पाहिजे. जिथे पट्टी सहज सुटते तिथे हवा शिरते. नवीन बीडिंग घालण्याआधी दाराच्या कुलपाची लॅच-प्लेट सरकवून पाहा, अनेकदा जुनं रबर चांगलं असतं आणि दार लटकलेलं असतं. नवीन रबर जाड असेल तर सुरुवातीला दार जड लागतं, आपटू नका, काही आठवडे दाबलं जाऊ द्या. रबरावर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, सिलिकॉन पुरेसं आहे.

कुबट वास

कुबट वास म्हणजे पाणी. कार्पेटखालचा नमदा उचला आणि हाताने दाबा. ओला लागला तर अत्तरं, शॅम्पू सगळं नंतर. वायपरखालच्या पन्हळीचे निचरे पानांनी तुंबतात, समोरच्या काचेचं रबर कोपऱ्यात आकसतं, दाराच्या आतलं प्लॅस्टिक फाटलं की काचेवरून उतरलेलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी केबिनमध्ये येतं. दाराच्या तळाची छिद्रं टोकदार काडीने मोकळी करा. नमदा गाडीबाहेर काढून वाळवा, आत राहून तो वाळत नाही. वास मारायला ओझोनचं यंत्र लावण्याचा सल्ला मिळतो. ओझोनने नैसर्गिक रबराला भेगा पडतात, आणि इथे आपण रबरं वाचवायला निघालो आहोत, म्हणून मी तो टाळतो.

आता मॅट

पत्र्यावर बोटाची पेरं वाजवा. टणत्कार येतो तिथे मॅट, थप्प आवाज येतो तिथे नको. पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते, पत्र्याच्या मधल्या भागात २५ ते ३० टक्के जागा झाकली तरी कंपन बरंच मरतं. गंज काढून, रंग देऊन, स्पिरिटने पुसून मगच चिकटवा आणि रोलरने दाबा. मॅट ब्युटिलचेच घ्या. पहिल्या फेरीत मी छपराच्या डागडुजीचा डांबरी पट्टा सायलेन्सरच्या वरच्या फ्लोअरला लावला होता. उन्हाळ्यात तो मऊ पडला, केबिनमध्ये डांबराचा वास भरला आणि तो काढायला आठ दिवस गेले. एक्झॉस्टच्या वर आधी गाडीखालून, मध्ये हवेचं अंतर ठेवून, ॲल्युमिनियमची उष्णतारोधक ढाल बसवा.

वर थर घालायचा तर बंद पेशींचा फोम. उघड्या पेशींचा स्पंज पाणी पितो आणि त्याखाली फ्लोअर सडतो. तळातल्या बुचांवर मॅट चिकटवू नका, बुचाएवढी जागा कापून सोडा. आणि एक इशारा: जुन्या गाड्यांच्या फायरवॉलवरच्या किंवा एक्झॉस्टजवळच्या करड्या तंतुमय पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो कोरडा खरवडू नका, घासू नका. शंका असेल तर जाणकाराकडून तपासून घ्या, नाहीतर जागचा हलवू नका.

हे सगळं झाल्यावरही काही आवाज राहतील. सरळ दात्यांचा पहिला गिअर आणि रिव्हर्स रडणारच, जुन्या मिनीच्या ट्रान्स्फर गिअरचा सूरही तसाच. त्यांच्यामागे लागू नका. माझ्या गाडीत शेवटी एकच वास उरला होता, उजव्या मागच्या सीटवर, फक्त उतारावर. डिकीच्या तळातलं नाण्याएवढं बुच. मी स्वतः धुताना काढलं होतं आणि परत घालायचं राहिलं होतं. आता प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर फ्लोअर आणि डिकीची सगळी बुचं मोजतो. माझ्या गाडीत अकरा आहेत. तुमच्या गाडीतली मोजा आणि आकडा बॉनेटच्या आत खडूने लिहून ठेवा.